ठळक म्हणजे नेमकं काय?

सरांची फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. एका तालुक्यातल्या विहिरी, बारवा, टाकी, तळी आणि झरे यांच्या अकराशे चाळीस नोंदी. आधी गाव, गावाखाली वाडी, वाडीखाली जागा आणि जागेखाली प्रत्यक्ष नोंद. वीसेक वर्षांत निरनिराळ्या विद्यार्थ्यांनी त्या टाइप केलेल्या. कुणी गावाचं नाव निळं केलेलं, कुणी अधोरेखित, कुणी एवढं मोठं की पानावर दुसरं काही मावू नये. मधूनच एखादी नोंद ठळक, एखादी तिरकी. पुस्तक करायचं होतं आणि संपादनाचं काम माझ्याकडे होतं.

मी सगळा मजकूर एका आउटलायनरमध्ये घेतला. ज्यांनी आउटलायनर वापरला नसेल त्यांच्यासाठी सांगते: शाळेत ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ असा प्रश्न असायचा, त्यातले फक्त मुद्दे ठेवणारं हे सॉफ्टवेअर. मुद्द्याखाली उपमुद्दा, त्याखाली आणखी एक. एखाद्या मुद्द्याची घडी घातली की त्याच्या पोटातलं सगळं दिसेनासं होतं; तो उचलून दुसरीकडे ठेवला की पोटातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. मग मी वीस-बावीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. तिचं काम सोपं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जा. प्रत्येक ओळीचं आधीचं सगळं फॉरमॅटिंग काढून टाक. ती कितव्या पातळीवर आहे ते बघ. पहिल्या पातळीला अठरा पॉइंट ठळक, दुसरीला चौदा, तिसरीला बारा, चौथीला अकरा साधं.

चार सेकंदांत फाइल लखलखीत झाली. हातानं केलं असतं तर आठवडा गेला असता. मी जुन्या प्रती काढून टाकल्या, कारण चार आवृत्त्यांचा घोळ मला नको होता, आणि प्रिंट काढून सरांकडे गेले.

सरांनी दहा-बारा पानं उलटली. मग चष्मा काढून म्हणाले, “अगं, माझे ठळक कुठे गेले?”

“सर, ते सगळं एकसारखं केलंय. कुठेही काहीही होतं.”

“कुठेही नव्हतं गं. ठळक म्हणजे मी स्वतः जाऊन पाहिलेलं. तिरकं म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. साधं म्हणजे कागदावरून घेतलेलं, गॅझेटिअर किंवा जुनी दप्तरं.”

त्यांनी हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरज त्यांना वाटली नव्हती. टाइप करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तोंडी सांगितलं होतं. गावांची नावं मुलांनी हवी तशी रंगवली असतील, पण शेवटच्या पातळीवर त्यांनी सरांचं ऐकलं होतं. अकराशे चाळीस नोंदींमधली कुठली माणसानं डोळ्यांनी पाहिली आणि कुठली नुसती ऐकली, एवढी एकच गोष्ट मी पुसली होती. आणि या पुस्तकाला काही किंमत होती ती त्या एका गोष्टीमुळेच.

सर रागावले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं. त्या रात्री घरी येऊन मी स्वतःलाच विचारायला लागले, की हे असं यंत्राकडून करून घेण्याची पद्धत आली कुठून, आणि ती आणणाऱ्यांना हा प्रश्न पडला होता का. पुढचं जे आहे ते त्या शोधातून आलेलं आहे.

वाणसामानाची यादी

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणकवाल्यांच्या एका मोठ्या परिषदेत डग्लस एंगलबार्ट नावाच्या इंजिनिअरनं नव्वद मिनिटांचं एक प्रात्यक्षिक दाखवलं. संगणक पन्नासेक किलोमीटरवर मेन्लो पार्कमध्ये होता. स्टेजवर पडदा, कीबोर्ड आणि माउस. ते प्रात्यक्षिक आज माउससाठी आठवलं जातं. पण त्यानं सुरुवातीला दाखवलं काय, तर बायकोनं सांगितलेल्या सामानाची यादी. एकाखाली एक जिन्नस. मग त्यानं त्यांचे गट पाडले, गटाखाली जिन्नस नेले आणि यादीची घडी घालून फक्त गट दाखवले. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. नंतर तेच सामान कुठून कुठून आणायचं, त्या वाटेचा नकाशा.

त्याच्या यंत्रणेचं नाव एनएलएस. तिच्यात लिहिलेलं सगळंच आउटलाइन असायचं. साधा परिच्छेदसुद्धा कुणाचा तरी पोटमुद्दा असे. प्रत्येक विधानाला आपोआप क्रमांक मिळत असे आणि त्यात आकडा आणि अक्षर आलटून पालटून येत: १, मग १अ, मग १अ१, मग १अ१अ. विधान हलवलं की क्रमांक बदलत. माणसानं क्रमांक घालायचेच नाहीत. इंटरनेटचा पाया ज्या आरएफसी नावाच्या टिपणांनी घातला गेला, त्यांतल्या सुरुवातीच्या काही टिपणांमध्ये परिच्छेदांना असे क्रमांक दिसतात, कारण ती टिपणं या यंत्रणेवर तयार झाली होती.

काय दिसावं हे ठरवण्यासाठी एकेका अक्षराच्या खुणा होत्या, त्यांना ‘व्ह्यूस्पेक’ म्हणत. किती पातळ्या दाखवायच्या, प्रत्येक विधानाच्या किती ओळी, क्रमांक दाखवायचे की लपवायचे, हे सगळं दोन-तीन अक्षरांत सांगता येई. मजकूर एकच, त्याची दर्शनं अनेक. देव तोच, रोजचा पोशाख वेगळा, तसं.

आणि याहून पुढची एक सोय होती, तिनं मला थबकवलं. तिचं नाव ‘कंटेंट ॲनालायझर’. वापरणाऱ्यानं एखादा नमुना लिहायचा, किंवा एल-टेन या भाषेत छोटासा प्रोग्राम. यंत्रणा एकेक विधान त्या प्रोग्रामच्या हाती देणार. प्रोग्रामनं ते वाचायचं आणि ठरवायचं: दाखवायचं, लपवायचं, की बदलायचं. म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणारी माझी वीस ओळींची स्क्रिप्ट ही त्याच घराण्यातली. फरक एकच, आणि तो माझ्या बाजूचा नाही. तिथला प्रोग्राम विधानात काय लिहिलंय ते वाचत होता. माझ्या स्क्रिप्टनं फक्त ओळ कितव्या पातळीवर आहे एवढंच विचारलं होतं.

एनएलएसवाल्यांना एक अडचण आली होती, तीही सांगण्यासारखी आहे. १अ१ हा क्रमांक जागेचा असतो, विधानाचा नव्हे. विधान हलवलं की क्रमांक बदलतो, आणि कुणी आधी ‘१अ१ बघा’ असं लिहून ठेवलं असेल तर तो संदर्भ भलत्याच विधानाकडे बोट दाखवतो. म्हणून त्यांनी प्रत्येक विधानाला दुसरा एक क्रमांक दिला, शून्यानं सुरू होणारा, कधीच न बदलणारा. एक क्रमांक ‘तू कुठे आहेस’ याचा आणि दुसरा ‘तू कोण आहेस’ याचा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं.

एका आउटलाइनचे तीन अवतार

एनएलएस चालवायला मोठा संगणक आणि शिकायला भरपूर चिकाटी लागत असे. घरच्या टेबलावर आउटलायनर आला तो डेव्ह वायनर या प्रोग्रामरमुळे. ‘व्हिजिकॅल्क’ ही स्प्रेडशीट विकणाऱ्या कंपनीत तो काही काळ होता. तिथून बाहेर पडून त्यानं ‘लिव्हिंग व्हिडिओटेक्स्ट’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९८३मध्ये ॲपल टूसाठी ‘थिंकटँक’ बाजारात आणलं. १९८६मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘मोर’ आलं.

‘मोर’ हे नाव आपल्याला पक्ष्याचं वाटतं, आणि त्या प्रोग्रामला ते शोभतंही, कारण तो पिसारा फुलवायचा. तुम्ही मुद्दे लिहायचे. एक आज्ञा दिली की त्याच मुद्द्यांचा बुलेट लावलेला तक्ता व्हायचा, सभेत दाखवायला. दुसरी आज्ञा दिली की त्यांचा वृक्ष व्हायचा, कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणारा. पुन्हा काही टाइप करायचं नाही, चौकटी ओढायच्या नाहीत. मूळ मुद्दा बदलला की तक्ताही बदलणार. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८७मध्ये, पॉवरपॉइंट आलं आणि काही महिन्यांत मायक्रोसॉफ्टनं ते १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतलं. मुद्द्यांना आपोआप रूप देण्याची कल्पना त्यानंतर जगातल्या प्रत्येक सभागृहात पोचली.

वायनर तिथे थांबला नाही. १९९२मध्ये त्याच्या नव्या कंपनीनं ‘फ्रंटियर’ हे स्क्रिप्ट लिहिण्याचं सॉफ्टवेअर आणलं. एका प्रोग्रामकडून दुसऱ्या प्रोग्रामला कामं सांगता यावीत, यासाठी ते होतं. त्यातली गंमत अशी की स्क्रिप्टसुद्धा आउटलायनरमध्येच लिहायची. ‘जर असं असेल तर’ हा मुद्दा, आणि तसं असेल तेव्हा काय करायचं ते त्याचे उपमुद्दे. कंसांची जोडी जुळवत बसायला नको. पातळी हाच कंस. लांबलचक स्क्रिप्टची घडी घातली की ती पाच ओळींत काय करते ते कळायचं. ज्यात विचार मांडायचा आणि ज्यानं त्या विचाराला रूप द्यायचं, ती दोन्ही एकाच जातीची झाली.

पुढच्या वर्षी, १९९३मध्ये, ॲपलनं स्वतःची ‘ॲपलस्क्रिप्ट’ ही भाषा मॅकमध्ये घालून दिली. घरातच फुकट मिळणाऱ्या वस्तूपुढे विकत घ्यायच्या वस्तूचं जे होतं ते फ्रंटियरचं झालं. वायनरनं ते वेबकडे वळवलं. तिथे त्यानं आउटलाइनचं फॉरमॅटिंग करण्याची जी पद्धत बसवली, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत स्वच्छ वाटते. फ्रंटियरमध्ये वेबपान म्हणजे एक आउटलाइन. तिच्यात रूपाबद्दल फक्त एक ओळ लिहायची: ही आउटलाइन अमक्या ‘रेंडरर’नं सजव. रेंडरर म्हणजे एक स्क्रिप्ट. ती आउटलाइन घेणार आणि वेबपानाचा मजकूर परत देणार. त्या एका ओळीतलं नाव बदललं की तेच मुद्दे क्रमांकांचे, बुलेटचे, तक्त्याचे किंवा साध्या परिच्छेदांचे होणार. स्क्रिप्ट मूळ आउटलाइनला हातच लावत नाही. सजवलेली प्रत वेगळी निघते. मूळ जसंच्या तसं राहतं.

हे वाचलं तेव्हा मला माझी चूक अर्धी कळली. मी मूळ प्रतीवरच रंग मारला होता. माझी स्क्रिप्ट मजकूर घेऊन दुसरीकडे सजवत नव्हती. ती मजकुरातच घुसून जुनं पुसत होती. पण हा हलगर्जीपणा झाला, आणि त्यावरचा उपाय म्हणजे चांगल्या सवयी: आधी प्रत काढा, मग स्क्रिप्ट चालवा. उरलेली अर्धी चूक खोल होती.

सहाव्या पातळीवरची ओळ

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीवर परतताना विखुरलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्या धडकेचा अभ्यास केला होता आणि तो स्लाइडवर मांडला होता.

एडवर्ड टफ्टी हा माहितीच्या मांडणीचा अभ्यासक. त्यानं त्यातली एक स्लाइड घेऊन तिची चिरफाड केली, आणि अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानं ते विश्लेषण आपल्या अहवालात घेतलं. स्लाइडवर मुद्द्यांच्या सहा पातळ्या होत्या. वरचं शीर्षक मोठ्या अक्षरात दिलासा देणारं. पातळी जसजशी खाली जाते तसतसं अक्षर बारीक. आणि अगदी शेवटच्या, सर्वांत बारीक ओळींत होतं ते असं: प्रत्यक्षात आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा, आणि ज्या चाचण्यांच्या भरवशावर वरचा दिलासा दिलाय त्यांतला तुकडा ३ घन इंचांचा. सहाशे चाळीस पट फरक.

एका स्लाइडमुळे यान पडलं असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण पातळीवरून आपोआप रूप ठरवण्यात काय धोका आहे, ते यापेक्षा स्पष्ट मला कुठे दिसलं नाही. सॉफ्टवेअरला कळतं ते एवढंच, की ही ओळ सहाव्या पातळीवर आहे. त्यावरून ते ठरवतं की ती लहान दिसावी. आणि लहान दिसणारी गोष्ट वाचणाऱ्याला कमी महत्त्वाची वाटते. ‘कुणाच्या पोटात आहे’ या प्रश्नाचं उत्तर ‘किती महत्त्वाची आहे’ या प्रश्नाला चिकटवलं जातं. एनएलएसवाल्यांनी दोन क्रमांक देऊन जागा आणि ओळख वेगळी केली होती. बुलेटच्या साच्यानं महत्त्व पुन्हा जागेलाच बांधलं.

सरांच्या फाइलीतही नोंदी सर्वांत खालच्या, चौथ्या पातळीवर होत्या. माझ्या स्क्रिप्टच्या हिशोबानं सगळ्या सारख्याच. त्यांतली एक माणसानं उन्हात सहा किलोमीटर चालून, दोर सोडून, पायऱ्या मोजून आणलेली. दुसरी एसटी स्टँडवर कुणीतरी सांगितलेली. पातळी एकच.

हरवलेला स्वर

हे मी सरांना सांगितलं. आउटलायनरमध्ये वरच्या मुद्द्याला दिलेलं रूप खालच्यांना वारशानं कसं मिळतं, मध्येच एखाद्या ओळीला वेगळं रूप दिलं की वारसा कसा तुटतो, हे समजावताना ते म्हणाले, “म्हणजे अनुवृत्ती.”

सर संस्कृत शिकवायचे. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांतले ते नाहीत, त्यामुळे मी पुढे ऐकलं. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद, आणि सुमारे चार हजार सूत्रं. सूत्रं इतकी लहान, कारण एकदा सांगितलेलं पद पुढच्या सूत्रात पुन्हा सांगायचं नाही. ते आपोआप पुढे चालत येतं. ती अनुवृत्ती. काही सूत्रं तर केवळ पुढच्या मोठ्या भागावर अंमल चालवायला लिहिलेली, ती अधिकारसूत्रं. म्हणजे मथळेच.

“पण अधिकार आहे हे ओळखायचं कसं?” सर म्हणाले. “पाणिनीनंच सांगितलंय, की त्या पदावर स्वरिताची खूण असेल. उच्चारातली खूण. तुझ्या भाषेत फॉरमॅटिंग.”

“मग?”

“मग काय? पाठ तोंडातून तोंडात, पोथीतून पोथीत गेला. अक्षरं सगळी राहिली. या खुणा मात्र राहिल्या नाहीत. आता कुठलं पद अधिकाराचं आणि त्याचा अंमल कुठवर, हे टीकाकार सांगतात म्हणून मानायचं.”

थोडं थांबून म्हणाले, “त्यामुळे तू काही जगावेगळं केलेलं नाहीस.”

मला दिलासा द्यायला बोलले असावेत. पण त्यांनी माझ्या चुकीचा उरलेला अर्धा भाग माझ्यापुढे ठेवला होता. नक्कल करताना माणसं अक्षरं जपतात आणि खूण सोडतात, कारण खूण म्हणजे सजावट असं त्यांना वाटतं. मलाही तेच वाटलं होतं. ठळक आणि तिरकं ही सरांची भाषा होती. मी ती अस्ताव्यस्तपणा समजले. माझ्या स्क्रिप्टमध्ये तांत्रिक चूक एकही नव्हती. मी सांगितलं ते तिनं तंतोतंत केलं. मी तिला जे सांगितलं ते ठळक कशासाठी आहे हे न विचारता सांगितलं.

तारे आणि टॅग

२००३ सालीच ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं स्वतःच्या टिपणांसाठी ‘ऑर्ग-मोड’ लिहायला घेतलं. ते ‘ईमॅक्स’ या जुन्या एडिटरमध्ये चालतं. त्यातली फाइल म्हणजे साधा मजकूर. ओळीच्या सुरुवातीला एक तारा असेल तर पहिली पातळी, दोन असतील तर दुसरी. ठळक-तिरक्यासाठीही साधी चिन्हंच, शब्दाच्या दोन्ही बाजूंना लावायची. ती फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडते. अक्षर किती पॉइंटचं, कुठल्या फॉन्टचं, हे त्यात लिहिताच येत नाही असं म्हटलं तरी चालेल. ते नंतर, बाहेर पाठवताना ठरतं: तीच फाइल वेबपान होते, तीच छापायची पीडीएफ होते. म्हणजे पुन्हा रेंडररचीच कल्पना.

मला त्यातली उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे टॅग. मुद्द्याच्या शेवटी दोन विसर्गचिन्हांसारख्या टिंबांमध्ये एक शब्द लिहायचा. त्या शब्दाला रूप नसतं. तो फक्त सांगतो की ही ओळ कोण आहे.

सरांकडे स्पायरल बायंडिंग केलेली एक जुनी प्रिंट निघाली, दोन वर्षांपूर्वीची. तिच्यात ९८३ नोंदी होत्या, ठळक-तिरक्यासकट. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ती प्रिंट डावीकडे ठेवून प्रत्येक नोंदीला टॅग दिला: पाहिलं, ऐकलं, कागद. हे काम मी स्क्रिप्टकडून करून घेऊ शकले नसते, आणि खरं सांगायचं तर घेतलंही नसतं. त्या निमित्तानं मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं.

प्रिंटनंतर टाइप झालेल्या १५७ नोंदी उरल्या. त्या घेऊन सरांसमोर बसले. एकेक नोंद वाचायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. काही नोंदींना ते लगेच म्हणत, “पाहिलं. तिथे माझी चप्पल तुटली होती.” काहींना बराच वेळ डोळे मिटून बसत. त्यांचं वय आता एक्याऐंशी आहे. १२० नोंदींचं त्यांनी खात्रीनं सांगितलं. ३७ नोंदींचं नाही सांगता आलं. मी म्हटलं, “सर, अंदाजानं ‘ऐकलं’ लिहूया का?” ते म्हणाले, “आपल्याला माहीत नाही, एवढं तर आपल्याला माहीत आहे ना? तेच लिही.”

म्हणून चौथा टॅग आला. त्या ३७ जागांपैकी ज्या अजून असतील तिथे कुणीतरी पुन्हा जायला हवं. सर आता जाऊ शकत नाहीत. दिवाळीनंतर मी आणि त्यांचे दोन जुने विद्यार्थी जाणार आहोत. तोवर पाऊस थांबलेला असेल आणि विहिरींना पाणी असेल.

स्क्रिप्ट मी पुन्हा लिहिली. ती आता पंचेचाळीस ओळींची आहे. पातळी बघते ती फक्त गाव, वाडी आणि जागेसाठी. नोंदीला आल्यावर टॅग बघते: पाहिलं असेल तर ठळक, ऐकलं असेल तर तिरकं, कागद असेल तर साधं, माहीत नसेल तर समासात एक छोटं वर्तुळ. टॅगच नसेल तर ती काही गृहीत धरत नाही. थांबते आणि मला ओळ दाखवते. मूळ फाइलला ती हात लावत नाही. उद्या प्रकाशक म्हणाला की ठळक नको, त्याऐवजी नोंदीआधी फुली छापू, तर स्क्रिप्टमधला एक शब्द बदलेल. सरांनी काय पाहिलं ते बदलणार नाही.

नवी प्रिंट घेऊन गेले तेव्हा सरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. मग पेन मागितलं आणि पहिल्या पानावर, मथळ्याखाली, स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या: ठळक म्हणजे काय, तिरकं म्हणजे काय, साधं म्हणजे काय. पेन माझ्या हातात देत म्हणाले, “वर्तुळाचं तू लिही.”